ट्रान्सपोर्टर शिकायचेत? आधी सोडियम बघ

ट्रान्सपोर्टर म्हणजे पेशीच्या पटलातली, पदार्थ आत-बाहेर नेणारी प्रथिनं. ती शिकताना औषधांची यादी घोकत बसू नकोस. आधी सोडियम समजून घे. तो पेशीबाहेर जास्त, आत कमी. ट्रान्सपोर्टरमधून आत शिरताना डोपामिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनालाही सोबत ओढून नेतो. सिनॅप्स, म्हणजे दोन चेतापेशींमधला सांधा, मोकळा होतो तो असा. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सोपं जातं. कोकेन ट्रान्सपोर्टरमध्ये अडकून बसतं, आत जात नाही. ॲम्फेटामिन मात्र थेट आत घुसतं, पुटिकांमधलं (पेशीतल्या साठवणीच्या पिशव्यांमधलं) डोपामिन बाहेर काढतं आणि ट्रान्सपोर्टरला उलटं चालवतं. दोघांनाही ‘रीअपटेक रोखणारे’ (डोपामिन परत पेशीत घेणं अडवणारे) म्हणून मोकळे होणारे बरेच भेटतील, त्यांच्या नोट्स घेऊ नकोस! फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध सेरोटोनिन या दुसऱ्या संदेशवाहकाचा ट्रान्सपोर्टर काही तासांतच अडवतं, पण नैराश्य उतरायला आठवडे लागतात. ते का, हे कळायला ऑटोरिसेप्टर (पेशीने स्वतः सोडलेलं रसायन ओळखणारे तिचेच ग्राही) वाच, आणि सवड मिळाली तर जीवरसायनशास्त्रज्ञ ज्युलियस ॲक्सलरॉड यांचे 1970 च्या नोबेलमागचे नॉरॲड्रेनॅलिन या संदेशवाहकावरचे प्रयोगही.