एकाच पक्षातून, एकाच मतदारसंघातून 11 वेळा आमदार कोण झालं? आणि ते जमलं कसं?

सांगोल्याचे (सोलापूर जिल्हा) गणपतराव देशमुख, शेकाप म्हणजे शेतकरी कामगार पक्ष. आमच्याकडे सगळे आबाच म्हणायचे.

पहिल्यांदा 1962 ला निवडून आले आणि शेवटची टर्म 2014 ची. मधे दोनदा पडले पण, 1972 ला आणि 1995 ला, ते 95 चं तर अगदी 192 मतांनी, शहाजीबापू पाटलांकडून (हो तेच, काय झाडी काय डोंगार वाले). 1972 नंतर 1974 च्या पोटनिवडणुकीत आबा परत आले.

मंत्री दोनदाच, 1978 चं पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार आणि नंतर 1999 ला विलासरावांचं. बाकी जवळजवळ सगळं आयुष्य विरोधी बाकावर, तरी पक्ष बदलला नाही, आणि शेकाप राज्यभर आटत गेला तरी सांगोल्यात टिकला तो यांच्यामुळेच.

कसं जमलं म्हणाल तर दुष्काळी तालुका, त्यामुळे पाण्याचा प्रश्न आयुष्यभर लावून धरला, टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी यावं म्हणून भांडले, शिवाय सूतगिरणी नीट चालवून दाखवली. आणि आमदार असून एसटीने फिरायचे, हे लोकांनी डोळ्याने बघितलेलं.

सर्वात जास्त वेळा आमदार होण्याचा देशातला रेकॉर्ड असं फॉरवर्ड फिरतं ते मात्र चूक, करुणानिधी आणि केरळचे के. एम. मणी 13 वेळा निवडून आलेत.

2019 ला आबा स्वतःहून थांबले, 2021 ला गेले. 2024 ला नातू बाबासाहेब तिथूनच आमदार झाले, शेकापकडूनच.