गाडीचं इंजिन विमानात: तुझ्या व्हिडिओबद्दल

प्रिय मित्रा,

तुझ्या व्हिडिओचा आराखडा मिळाला. सुरुवातीला इंजिनाची गर्जना, मग झटपट बांधणी, शेवटी पहिलं उड्डाण आणि टाळ्या. लोक आवडीने बघतील. पण बघणाऱ्यांपैकी कुणीतरी तुझं पाहून तेच इंजिन आपल्या विमानात बसवणार आणि त्यात स्वतः बसून उडणार, हे डोक्यात ठेवून मी पुढचं लिहितोय.

इतिहासावर फार वेळ घालवू नकोस. बर्नार्ड पिटनपोल यांनी १९२९ मध्येच फोर्डच्या ‘मॉडेल ए’ गाडीच्या इंजिनावर ‘एअर कॅम्पर’ हे आपलं छोटं विमान उडवलं. पुढे फोक्सवॅगन बीटल, कॉर्व्हेअर, सुबारू या गाड्यांची इंजिनं घरी बांधलेल्या विमानांत आली. एवढं पुरे.

खरा वेळ दे तो आरपीएमला, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना. गाडीचं इंजिन आपली खरी ताकद साधारण ५००० ते ६००० आरपीएमला देतं. विमानाचं लायकमिंगसारखं इंजिन तेच काम २७०० ला करतं, कारण त्याचे सिलिंडर मोठे असतात. फरक महत्त्वाचा का, ते पडद्यावर गणित मांडून दाखव. ७२ इंची प्रोपेलर २७०० आरपीएमला फिरला, की पात्याचं टोक सेकंदाला सुमारे २५८ मीटर जातं. तोच ५५०० ला फिरवला तर ५२५ च्या पुढे. समुद्रसपाटीला ध्वनीचा वेग ३४० च्या आसपास. टोक त्या वेगाजवळ गेलं की कार्यक्षमता कोसळते आणि गोंगाट प्रचंड वाढतो. इंजिनाच्या फेऱ्या कमी करून प्रोपेलरला देणारा रिडक्शन ड्राइव्ह का लागतो, हे बघणाऱ्याला इथे आपोआप कळेल. बीटलचं इंजिन प्रोपेलरला थेट का जोडतात, हेही इथेच सांग: प्रोपेलर लहान व्यासाचा घेतात, आरपीएम कमी ठेवतात आणि कमी ताकदीवर समाधान मानतात.

मग कॅमेरा रिडक्शन ड्राइव्हवरच राहू दे. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात कमी दाखवलं जाणारं आणि सगळ्यात जास्त त्रास देणारं प्रकरण म्हणजे टॉर्शनल व्हायब्रेशन, शाफ्टला पीळ बसून होणारी कंपनं. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याला, एक झटका बसतो. एका टोकाला हे झटके, दुसऱ्या टोकाला जड प्रोपेलर, मधे गिअर आणि शाफ्ट. ठरावीक आरपीएमला हे झटके त्या जोडणीच्या नैसर्गिक कंपनाशी जुळतात आणि पीळ वाढत जातो. कॉकपिटमध्ये कदाचित काहीच जाणवणार नाही, पण गिअरचे दात आणि शाफ्ट मार खात असतात. काही तास इंजिन चालवून झालं की ड्राइव्ह उघड आणि जवळून चित्रण कर: दातांवर घासल्याच्या खुणा कुठे आहेत, रबरी कपलिंगभोवती काळा भुगा जमलाय का. हे दोन मिनिटांचं चित्रण अख्ख्या उड्डाणापेक्षा मोलाचं आहे. ड्राइव्ह बाहेरून घेतला असेल तर तो नेमक्या कुठल्या इंजिनाबरोबर, कुठल्या प्रोपेलरबरोबर तपासलेला आहे तेही सांग. प्रोपेलर बदलला की हिशेब बदलतो.

गाडी रस्त्यावर इंजिनाच्या ताकदीचा थोडाच भाग वापरते. विमान मात्र चढताना पूर्ण आणि नंतर तासन्‌तास ६५ ते ७५ टक्के मागतं. म्हणून कूलिंगचा भाग प्रामाणिक हवा. ‘तापमान ठीक होतं’ हे वाक्य कापून टाक. त्या जागी कूलंट आणि तेलाच्या तापमानाचे मीटर दिसू देत, आणि सोबत बाहेरचं तापमान, चढण्याचा वेग आणि पूर्ण थ्रॉटलवर किती मिनिटं झाली हे लिही. आकडा सुटा दिला की तो कुणालाही फसवतो. मधे एखाद्या दिवशी तापमान लाल पट्ट्यात गेलं, रेडिएटरला हवा नेणारं डक्ट पुन्हा बनवावं लागलं, तर तो दिवस व्हिडिओत हवाच.

इंधनाची चाचणीही दाखव. पंपावर चालणारी व्यवस्था असेल तर पूर्ण ताकदीला लागणाऱ्या इंधनाच्या निदान १२५ टक्के प्रवाह मिळायला हवा, गुरुत्वाकर्षणावर असेल तर १५०. नाक वर करून, चढताना असतं त्याच कोनात विमान ठेवून, मापाच्या भांड्यात आणि घड्याळ लावून मोजलेलं दिसू दे. आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन व इंजेक्शन असेल तर विजेचा नकाशा काढ: अल्टरनेटर गेला तर इंजिन किती वेळ चालेल, दुसरी बॅटरी कुठून जोडली जाते. ठिणगीसाठी स्वतःच वीज बनवणाऱ्या जुन्या मॅग्नेटोला विमानाच्या बॅटरीची गरज नसते, तुझ्या इंजिनाला आहे.

चित्रीकरणाचं थोडक्यात. मोबाइलच्या सेन्सरवर चित्र ओळीओळीने उमटतं, म्हणून प्रोपेलर केळ्यासारखा वाकलेला दिसतो. प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावून शटर मंद कर, पाती नैसर्गिक धूसर दिसतील. आवाजासाठी छोटा माइक हेडसेटच्या कपाच्या आत बसव. बाहेर लावलेला कॅमेरा निसटून प्रोपेलरवर किंवा शेपटीवर जाऊ शकतो, त्याला दुसरी सेफ्टी दोरी हवीच. हवेत असताना कुठल्याही कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. रेकॉर्डिंग जमिनीवर सुरू कर, जमिनीवरच बंद कर.

‘स्वस्त’ हा शब्द शीर्षकात नको. इंजिन स्वस्त मिळतं, पण ड्राइव्ह, माउंट, रेडिएटर, वायरिंग आणि तुझे महिने मिळून जे होतं ते वेगळं. अमेरिकेत अशा विमानांना सुरुवातीच्या चाचणी उड्डाणांचे साधारणपणे ४० तास ठरवून देतात, इंजिन-प्रोपेलरची प्रमाणित जोडी असेल तर २५. हा फरक उगाच ठेवलेला नाही. तुझे तास किती झालेत ते पहिल्याच मिनिटात पडद्यावर लिही, आणि वाढले की व्हिडिओखालच्या वर्णनात बदलत जा. काही तुटलं, बदललं, तर तेही तिथेच तारखेसह.

संपादनाला बसण्याआधी रिडक्शन ड्राइव्ह उघडल्याचं कच्चं चित्रण मला पाठव. दातांवरच्या खुणा मला नीट बघायच्या आहेत.

तुझा,
काका