लेबल नसलेली जुनी सरप्लस पावडर .३८ स्पेशल रिव्हॉल्वरच्या काडतुसांत भरताना काय काळजी घ्यावी?

भरू नका. आधी हे सांगतो, कारण तुम्ही विचारलंय काय काळजी घ्यावी, आणि या बरणीच्या बाबतीत काळजी घेऊन करण्यासारखं काही शिल्लकच नाहीये असं माझं स्पष्ट मत आहे.

तुम्ही लिहिलंय की मूळचे डोंबिवलीचे, आता ओहायोत, तिथे स्वतःपुरती काडतुसं घरी भरायला परवानगी आहे, .३८ स्पेशलचं रिव्हॉल्वर आहे, आणि ओळखीच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी गॅरेज रिकामं करताना काचेच्या बरणीतून बारीक गोल दाण्यांची लष्करी पावडर दिली, वर मार्करने "डब्ल्यूसी ८२०" लिहिलंय, लॉट नंबर नाही. आणि मिळत्याजुळत्या पावडरचं मॅन्युअलमधलं (काडतुसं भरायच्या वजनांचं छापील पुस्तक) वजन बघून त्याच्या निम्म्याने सुरुवात करायची असा तुमचा विचार आहे. मी मुंबईत वरळीच्या रेंजवर .३२ सेंटर फायर मारतो, तिथे फॅक्टरीचीच काडतुसं वापरतो, आणि नोकरी सगळी ठाणे-बेलापूर पट्ट्यात शाईच्या कारखान्यात झाली, नायट्रोसेल्युलोजचे ड्रम ज्या स्टोअरमध्ये यायचे ते माझ्याकडे होतं. बंदुकीची धूर न करणारी पावडर म्हणजे मुळात तेच द्रव्य, फक्त नायट्रोजन जास्त. शाईवाल्यांना ते स्पिरिटमध्ये नाहीतर पाण्यात भिजवलेलं पाठवतात कारण कोरडं झालं की ते कशानेही पेटतं, आणि तुमच्या बरणीत आहे ते कोरडंच आहे.

आता नावाचं बघू. डब्ल्यूसी ८२० ही लष्कराने .३० कार्बाइनसाठी (आखूड, हलकी रायफल) वापरलेली बॉल, म्हणजे गोल दाण्यांची, पावडर. लष्करी कारखान्यात पावडर येते ती लॉटने, प्रत्येक लॉट प्रेशर मोजणाऱ्या टेस्ट बॅरलमध्ये मारून बघतात आणि त्या लॉटला किती वजन लागतं ते ठरवतात, दुसऱ्या लॉटला वजन बदलतं, त्यांना काही फरक पडत नाही कारण मोजायची सोय त्यांच्याकडे आहे. दुकानात डब्यात मिळते ती पावडर वेगळ्या पद्धतीने तयार होते, लॉट एकमेकांत मिसळून वेग ठराविक मर्यादेत आणतात, म्हणूनच मॅन्युअलमधले आकडे तुम्हाला आणि मला वापरता येतात. डब्ल्यूसी ८२० चे काही लॉट ॲक्युरेट नंबर ९ च्या जवळ जाणारे निघालेत आणि काही एच ११० च्या जवळचे, या दोन्ही दुकानात मिळणाऱ्या पावडरी, आणि या दोघांचे आकडे एक नाहीत. म्हणजे मार्करने लिहिलेलं नाव शंभर टक्के खरं धरलं तरी तुमच्याकडे आकडा नाहीये.

नावात किती फसगत होऊ शकते त्याचं जुनं उदाहरण आहे, रायफलचं आहे पण मुद्दा तोच. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन यांनी सरकारकडून उरलेली पावडर विकत घेऊन हौशी लोकांना विकायला सुरुवात केली, त्यातली एक ४८३१. पुढे १९७३ मध्ये ड्यूपाँने आयएमआर ४८३१ बाजारात आणली, आकडा तोच पण ती जास्त वेगाने जळणारी, त्यामुळे जुन्या ४८३१ चं जास्तीत जास्त वजन नवीन ४८३१ ने भरलं की प्रेशर मर्यादेबाहेर जायचं. या दोघी एकमेकींच्या जागी वापरू नका अशी ताकीद मॅन्युअलमध्ये अजूनही असते. तिथे निदान छापील लेबल तरी होतं.

आणि दाण्यांवरून ओळखता येईल असं कोणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. गोल किंवा चपट्या दाण्यांच्या पावडरी रिव्हॉल्वरच्या वेगवान प्रकारातही आहेत आणि कार्बाइनच्या संथ प्रकारातही, रंग सगळ्यांचा काळा-करडा. कागदावर जाळून बघायची टेस्ट पण निरुपयोगी, उघड्यावर सगळ्याच फुर्रकन जळतात, बंद नळीत प्रेशरखाली काय होतं ते त्यातून कळत नाही.

सगळ्यात जास्त काळजी मला तुमच्या त्या "निम्म्याने सुरुवात" वाक्याची वाटली, कारण वाचायला ते अगदी शहाणपणाचं वाटतं. समजा बरणीत खरंच संथ बॉल पावडर आहे. ही जात नीट पेटायला भरपूर प्रेशर लागतं, केस, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, जवळपास भरलेली लागते, आणि म्हणूनच हॉजडन कंपनी एच ११० बद्दल सांगते की दिलेलं वजन ३ टक्क्यांपेक्षा जास्त कमी करू नका. तीन टक्के, पन्नास नाही! .३८ स्पेशलची कमाल मर्यादाच १७,००० पीएसआय (प्रेशर मोजायचं एकक), .३५७ मॅग्नमची ३५,०००, म्हणजे ही पावडर ज्या प्रेशरवर खूश असते तिथपर्यंत तुमचं काडतूस जातच नाही. मग काय होतं, अर्धवट जळते, गोळी नळीत अडकते. आता समजा बरणीत संथ नाहीच आहे, त्या गृहस्थांनी केव्हातरी जुन्या बरणीत दुसरीच वेगवान पिस्तूल पावडर ओतून ठेवली. तशा पावडरचं पूर्ण वजनच संथ पावडरच्या एक तृतीयांश किंवा त्याहून कमी असतं, म्हणजे तुमचं "निम्मं" हे तिच्यासाठी दीडपट झालं. एकाच वजनाने एकीकडे गोळी अडकणार, दुसरीकडे सिलिंडर (काडतुसं बसतात तो फिरता भाग) फाटणार, आणि यातलं कुठलं होणार ते बरणीकडे बघून सांगता येत नाही.

रिव्हॉल्वरमध्ये हे जास्त वाईट का, ते सांगतो. ऑटोमॅटिक पिस्तुलात काडतूस कमजोर निघालं तर बहुतेक वेळा स्लाइड पूर्ण मागे येत नाही, पुढची गोळी चढत नाही, हत्यार आपोआप थांबतं. रिव्हॉल्वर तुमच्या बोटाने फिरतं, आधीच्या काडतुसाचं काय झालं याच्याशी त्याला देणंघेणं नाही, चाप ओढला की पुढचं चेंबर समोर. नळीत गोळी अडकलेली असताना दुसरी मारली की नळी फुगते नाहीतर फुटते. भराभर गोळ्या मारायच्या फेरीत कानावर मफ असताना "आवाज जरा बारीक आला का" हे लक्षात येईपर्यंत बोट पुढे गेलेलं असतं, म्हणून आमच्याकडे नवीन पोरांना मी हेच सारखं सांगतो की आवाज किंवा झटका वेगळा वाटला की बोट बाहेर, नळी जमिनीच्या दिशेने, थोडं थांबायचं (उशिरा पेट घेणारं काडतूसही असू शकतं), मग सिलिंडर उघडून, रिकामं करून, नळीत सळई घालून बघायचं. आणि गोळी अर्धी सिलिंडरमध्ये अर्धी नळीत अडकली असेल तर सिलिंडर उघडतच नाही, तेव्हा जोर लावायचा नाही, जाणकार गनस्मिथकडे द्यायचं.

.३८ स्पेशलची अजून एक खोड आहे. ती केस काळ्या दारूच्या हिशोबाने लांब केलेली, १८९८ च्या सुमाराची, त्यामुळे आजच्या वेगवान पावडरचा डोस तिच्या तळाला दिसेल न दिसेल इतका बसतो, आणि चुकून दोनदा पडला तरी आरामात मावतो, गोळी नीट बसते, बाहेरून काही कळत नाही. सिलिंडरच्या भिंती तशा पातळ, त्यात लॉकच्या खाचेपाशी सगळ्यात पातळ, फुटताना बहुतेक तिथूनच सुरुवात होते आणि वरची पट्टी पण उचलली जाते. जे तुकडे उडतात ते बाजूला आणि वर, म्हणजे शेजारच्या लेनवाल्याच्या तोंडावर. हे फक्त तुमच्या हाताचं प्रकरण नाहीये.

प्रायमर (काडतुसाच्या बुडाची ठिणगी देणारी टोपी) चपटा झाला का बघत बघत वजन वाढवू, असंही करतात लोक. कमी प्रेशरच्या काडतुसात प्रायमर चपटा दिसेपर्यंत तुम्ही मर्यादा कधीच ओलांडलेली असते. क्रोनोग्राफ वेग दाखवतो, प्रेशर नाही.

आता वयाचं. नायट्रोसेल्युलोज स्वतःहून हळूहळू विघटित होतं, त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड निघतात आणि तेच पुढचं विघटन अजून वाढवतात. हे थांबवायला पावडरमध्ये डायफिनाइलअमाइनसारखं स्टॅबिलायझर घालतात, ते हे ऑक्साइड शोषतं आणि स्वतः संपत जातं, गरम जागी लवकर संपतं. म्हणून मला त्या गॅरेजची भीती वाटते, उन्हाळ्यात पत्र्याखाली किती तापलं असेल कोण जाणे. स्टॅबिलायझर संपलेली पावडर स्वतःहून पेटू शकते. फ्रेंच नौदलाची इएना ही युद्धनौका १९०७ मध्ये तुलाँ बंदरात आणि लिबर्ते १९११ मध्ये तिथेच, खराब झालेल्या पावडरमुळेच उडाल्या, शत्रू कोणी नव्हता. चांगल्या पावडरला हलका ईथर-सॉल्व्हंटसारखा वास असतो. नाकाला झोंबणारा आंबट वास, तांबडी भुकटी, झाकण गंजलेलं, बरणीत तपकिरी धूर, यातलं एकही दिसलं तर पावडर बिघडलीय. आणि काहीच दिसलं नाही तरी ती चांगली आहे असं सिद्ध होत नाही, स्टॅबिलायझर किती उरलंय ते लॅबमध्येच कळतं.

भारतात बसून हे वाचणाऱ्यांसाठी एक वाक्य: आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान सात वर्षं ते जन्मठेप, तेव्हा वरचं कुणी करून बघायचं म्हणून वाचू नका.

तर तुम्ही काय करायचं. बरणी घट्ट बंद स्टीलच्या पेटीत कोंडू नका, घरातल्या हीटर, बॉयलर, गाडी यांच्यापासून लांब थंड जागी ठेवा, आणि आजच तिथल्या फायर डिपार्टमेंटच्या साध्या नंबरवर फोन करून सांगा की जुनी स्मोकलेस पावडर आहे, विल्हेवाट लावायचीय. आंबट वास येत असेल तर बरणी हलवत बसू नका, तसंच फोनवर सांगा, ते येऊन नेतील. कचऱ्याच्या डब्यात किंवा नाल्यात टाकू नका. त्यातून एखादं काडतूस आधीच भरून झालं असेल तर तेही त्यांच्याच हवाली करा, "एकच मारून बघतो" करू नका. मग दुकानातून .३८ स्पेशलसाठी छापील आकडे असलेली, केसमध्ये जास्त जागा भरणारी पावडर घ्या म्हणजे डबल डोस पडला तर वर सांडून दिसेल, वजन काट्यावर तोला, गोळी बसवण्याआधी ट्रेमधल्या सगळ्या केसमध्ये टॉर्च मारून पातळी बघा, आणि बेंचवर एका वेळी एकच डबा उघडा ठेवा. काम झालं की उरलेली पावडर तिच्याच मूळ डब्यात परत.

तुमच्या रिव्हॉल्वरचं मॉडेल आणि गोळीचं वजन कळवलंत तर कुठलं मॅन्युअल उघडायचं ते सांगतो.