बाबा परत आल्यानंतर

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. बाबा तैनातीवरून येऊन दीड महिना झाला आणि घरात सगळे एकमेकांना चुकवत वावरतात, असं तू लिहिलंस. ‘ते नव्हते तेव्हाच बरं होतं’ हे वाक्य लिहून खोडलंस. खोडायला नको होतं. सैनिकांच्या घरांत हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलंय, आणि बोलणाऱ्यांचं आपल्या वडिलांवर मनापासून प्रेम होतं.

निरोपाची तयारी सगळेच करतात, परतीची कुणी करत नाही. रूबेन हिल या समाजशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धात ताटातूट झालेल्या अमेरिकी कुटुंबांचा अभ्यास १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. वडिलांवाचून ज्या घरांची घडी पक्की बसली होती, त्यांना विरह सोसला; पुनर्भेट मात्र जड गेली. तुमच्या घराचंही तेच झालंय. तू धाकट्याचा अभ्यास घेतलास, आईचं मन सांभाळलंस. बाबांच्या वाट्याचं काम तू उचललंस, म्हणून घर चाललं.

आता धाकटा खेळायला जाऊ का म्हणून विचारतो, बाबा ‘जा’ म्हणतात आणि तो तुझ्याकडे बघतो. बाबांना ती नजर दिसते गं. अशा वेळी तू मान हलवू नकोस, पुस्तकात डोकं घालून बस. एखादं काम पूर्णपणे त्यांच्या हाती दे, धाकट्याचं गणित म्हण हवं तर. त्यांची रीत वेगळी असेल, पहिले काही दिवस रडारडही होईल. मध्ये पडू नकोस.

हे करताना तुला आतून तुटल्यासारखं होईल. कालपर्यंत तू मोठी होतीस, आज पुन्हा लेक व्हायचंय. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, पालक परतल्यावर पुन्हा जुळवून घेणं मुलांपेक्षा मुलींना अधिक अवघड गेल्याचं दिसलं होतं. तेव्हा स्वतःला कृतघ्न म्हणू नकोस.

त्यांचा हुकमी आवाज तुला बोचतो. तिथे सांगितलेलं त्या क्षणी ऐकलं नाही तर जिवावर बेतू शकतं, ती सवय उंबऱ्याशी गळून पडत नाही. ‘बाबा, असं बोललात की भीती वाटते’ एवढं शांतपणे सांग. तिथे काय पाहिलं ते खोदून विचारू नकोस. त्यापेक्षा इथलं सांग: धाकट्याचा दात कधी पडला, तू कुणाशी भांडलीस. त्यांचं हे सगळं हुकलंय आणि ते मागायला ते संकोचतात.

मात्र झोप उडालेली राहिली, संताप वाढत गेला, दारू वाढली किंवा हात उचलला गेला, तर ते तुझ्या समजूतदारपणाने बरं होणारं नाही. त्याच दिवशी आईला किंवा दुसऱ्या मोठ्या माणसाला सांग. डॉक्टरांकडे किंवा सैन्यातल्या समुपदेशकांकडे त्यांना न्यायला हवं, आणि ते मोठ्यांचं काम आहे.

तुझ्या पत्रात आई फक्त एका ओळीत आली. वर सांगितलेल्या २०१० च्या अभ्यासात, घरी राहिलेल्या पालकाचं मन खचलेलं असेल तर मुलांच्या अडचणी जास्त होत्या, तैनातीतही आणि परतल्यावरही. तिला चालणार असेल तर मी तिच्याशी बोलेन. तिला विचारून कळव.

तुझी,
मावशी