मुलगा सहा वर्षांचा, वाक्य जुळत नाही, घरात मराठी. खानापूरजवळच्या गावातली मराठी शाळा की बेळगावची विशेष शाळा?

गावातली मराठी शाळाच आधी बघा, कारण ज्याला एका भाषेत वाक्य जुळत नाही त्याच्यावर शाळेत कन्नड किंवा इंग्रजी माध्यमाचा वेगळा भार पडू शकतो, आणि रोजच्या बस प्रवासात तो दमतो ते वेगळंच. थेरपीही मराठीतच मागा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वासाठी ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, निवड तुमची. त्यासाठी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून ठेवा.

नाव घालण्याआधी तासभर वर्गात मागं बसा. एखादं मूल गप्प राहिलं तर बाई त्याच्या बाकापाशी जाऊन खाली वाकून बोलतात की जागेवरूनच ओरडतात, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं. मग विचारा:
- चड्डी ओली झाली तर कोण बदलणार?
- फाटकाला कडी असते का?
- बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसकडचे विशेष शिक्षक (बीआयईआरटी) किती दिवसांनी येतात?

मात्र मूल वर्गातून पळत असेल, स्वतःला मारून घेत असेल किंवा फिट येत असतील, तर आधी डॉक्टर आणि विशेष शाळा. गावच्या शाळेचा विचार नंतर.