मधला चौकोन फुगतो आहे, पण दोष त्याच्या कडेच्या आठ शिवणींचा आहे

आपला प्रश्न वाचला आणि अकरा वर्षांपूर्वीची माझी जेवणाची मोठी चौकी डोळ्यांपुढे उभी राहिली. तिच्यावर मी असाच एक गालिचा पसरून बसले होते आणि मधला काळा चौकोन तव्यावरच्या फुलक्यासारखा वर येत होता. आपण लिहिले आहे की सिएरपिन्स्कीच्या गालिच्यावरून (चौकोनातला मधला चौकोन पुन्हा पुन्हा काढत जाणारी गणिती आकृती) तीन पायऱ्यांची, 135 सेंटिमीटर बाजूची गोधडी शिवायला घेतली, लहान चौकोन 5 सेंटिमीटरचे धरले, गणित दोनदा तपासले, कडेचे सगळे ठोकळे सपाट बसले आणि 45 सेंटिमीटरचा मधला चौकोन तेवढा फुगतो. पाण्याचा हात मारून इस्त्री केली, रात्रभर पुस्तकांचे वजन ठेवले, तरी तो बसत नाही. आता सगळे उसवावे, की तसेच अस्तर लावून चौथी पायरी करावी, असे आपण विचारता. मी शिवणकामाचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही आणि गणितही माझे पदवीपुरतेच आहे. म्हणून पुढचे सगळे इंदूरच्या एका घरातला अनुभव समजून वाचावे.

कापड आधी भिजवून वाळवणे, उभा-आडवा धागा पाहणे, तीन पट्ट्या जोडून मग आडव्या कापणे, या गोष्टी आपल्याला येतात हे छायाचित्रावरून दिसतेच. त्यामुळे त्यांत वेळ घालवत नाही.

पोलंडचे गणितज्ञ वॉत्सवाफ सिएरपिन्स्की यांनी 1916 मध्ये हा गालिचा मांडला तेव्हा त्यांच्यासमोर कापड नव्हते. चौकोनाचे नऊ भाग करायचे, मधला काढून टाकायचा (गोधडीत हे भोक म्हणजे काळा चौकोन, बाकीचे पांढरे), उरलेल्या आठांवर पुन्हा तेच करायचे आणि हे कधीही थांबवायचे नाही. कागदावर प्रत्येक पायरी मागच्या पायरीची हुबेहूब लहान प्रत असते. कापडावर तसे होत नाही. तुकडा 5 सेंटिमीटरचा असो की 45 सेंटिमीटरचा, शिवणीसाठी सोडायची माया तितकीच राहते, दोऱ्याची जाडी तितकीच राहते आणि शिवण दुमडली की घडीत जाणारे कापडही तितकेच राहते. म्हणजे आकृती लहान होत जाते, पण शिवण लहान होत नाही. आपली आणि माझी दोघींचीही फसगत इथेच झाली.

साध्या चौकटीच्या गोधडीत ही चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. तिथे सगळे तुकडे सारखे असतात, शिवणी सगळीकडे सारख्या अंतरावर येतात, त्यामुळे प्रत्येक शिवणीत एखादा मिलिमीटर जास्त गेला तरी गोधडी सगळीकडून सारखीच आखडते आणि आपण म्हणतो, ‘थोडी लहान झाली, चालेल.’ गालिच्यात मात्र एके ठिकाणी शिवणींची दाटी असते आणि शेजारीच मोठे, एकसंध कापड असते. आपल्या मधल्या चौकोनाच्या कडेला जो ठोकळा लागतो, त्याच्या काठावर नऊ तुकडे आहेत, म्हणजे आठ शिवणी. मधल्या चौकोनाच्या पोटात एकही शिवण नाही. प्रत्येक शिवणीत ठरल्यापेक्षा एक मिलिमीटर जास्त जात असेल, तर ठोकळा आठ मिलिमीटर आखडतो आणि मधला चौकोन जसाच्या तसा राहतो. हे आठ मिलिमीटरचे जास्तीचे कापड जाणार कुठे? ते वर येते. माझ्या गोधडीत लहान चौकोन 6 सेंटिमीटरचे होते, आपल्या गोधडीत 5 सेंटिमीटरचे आहेत, पण शिवणी दोन्हीकडे आठच, म्हणून फुगवटाही जवळपास तेवढाच. इस्त्रीने आणि वजनाने तो जाणार नाही, कारण कापड खरोखरच जास्त आहे.

मधल्या पायरीचे आठ काळे चौकोन का फुगले नाहीत, हेही आपल्या मनात आले असेल. त्यांच्या शेजारच्या ठोकळ्यात दोनच शिवणी असतात, फरक दोन-तीन मिलिमीटरचा पडतो आणि तेवढा फरक सुती कापड मुकाट्याने गिळते.

आता माझी चूक सांगते. ती लिहून ठेवली पाहिजे, असे मला अजूनही वाटते. मी सिंचन विभागात ट्रेसर होते, आयुष्य नकाशांवर गेले, त्यामुळे मापाच्या बाबतीत मला कोणी काही सांगू नये असा एक ताठा होता. मी 162 सेंटिमीटरचा गालिचा कागदावर पूर्ण काढला, तुकडे मोजले (लहान चौकोन 576, मधले काळे 8, मोठा काळा 1, एकूण 585), प्रत्येकाला चारही बाजूंनी 6 मिलिमीटर माया धरली आणि शिवणाची सुई लावण्याआधी सगळेच्या सगळे कापून मोकळी झाले. पांढऱ्यासाठी सीतलामाता बाजारातून मलमल आणली होती. 110 सेंटिमीटर पन्ह्यात 7.2 सेंटिमीटरचे पंधरा तुकडे बसतात, म्हणून 512 पांढऱ्या तुकड्यांना अडीच मीटरहून जरासे जास्त लागते. मी तीन घेतले आणि आपणही तीनच घ्यावेत. काळ्यासाठी मात्र मी घरातली महेश्वरी साडी कापली. ती आईची होती, काळी, बारीक किनारीची, पदराकडे जीर्ण झालेली. ती कापायला आईनेच सांगितले होते, हे इथे मुद्दाम लिहिते. नाहीतर उत्तराऐवजी मला बोल लावणारेच जास्त निघतील. साडीच्या शाबूत भागातून 55.2 सेंटिमीटरचा एकच मोठा चौकोन निघाला, बाकी सगळे लहान तुकड्यांत संपले.

शिवून झाल्यावर मधला चौकोन बारा मिलिमीटर जास्त भरला. माझ्या शिवणीत दीड मिलिमीटर जास्त जात होता, आठ शिवणींचे बारा. तोवर हे कारण मला कळले नव्हते, फक्त फरक दिसत होता. प्रदर्शनाला गोधडी पाठवायची होती, हातात पाच दिवस होते, रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी चारही शिवणी उसवल्या, पट्टी ठेवली आणि बारा मिलिमीटर कापले. चारही बाजूंनी, प्रत्येकी बारा. म्हणजे चौकोन बाराऐवजी चोवीस मिलिमीटरने लहान झाला. ज्या बाईने तीस वर्षे धरणांचे आडवे छेद काढले, तिला बारा दोन बाजूंत वाटले म्हणजे सहा होतात हे त्या रात्री सुचले नाही. तसे दुसरे कापड घरात नव्हते, बाजारातही नव्हते, आणि असते तरी ती आईची साडी नव्हती.

शेवटी बाग गावच्या छपाईच्या लाल कापडाच्या 1.8 सेंटिमीटरच्या पट्ट्या कापून मधल्या चौकोनाला चारही बाजूंनी जोडल्या. दोन्हीकडची माया वजा जाता 6 मिलिमीटरची लाल रेघ उरली आणि चौकोन बरोबर बसला. ती रेघ सिएरपिन्स्कींच्या गालिच्यात कुठेच नसते. प्रदर्शनात तीन जणांनी तिचा गणिती अर्थ विचारला.

प्रदर्शनाचा विषय निघालाच आहे म्हणून थोडे विषयाच्या कडेचे. अर्जात मी गणिताप्रमाणे 162 गुणिले 162 असे माप आधीच लिहून पाठवले होते. प्रत्यक्षात काठाच्या ओळीत 26 शिवणी, प्रत्येकीत दीड मिलिमीटर, म्हणजे गोधडी 158 सेंटिमीटर भरली. स्वीकारणाऱ्या कार्यालयात टेप लावून पाहिली गेली आणि ‘अर्जातील वस्तू ही नव्हे’ असा शेरा मारून ती परत केली. शिवणीत कापड जाते, हे मी तिथे खिडकीत उभी राहून दोनदा समजावले. मग नवा अर्ज, नवे छायाचित्र, पुन्हा तीन खेटे. कार्यालयाचे नाव लिहीत नाही, त्यातून काही साधणार नाही. अर्जात माप लिहायचे असेल तर गोधडी पूर्ण झाल्यावर टेपने मोजलेलेच लिहावे, एवढे सांगते.

यातून मी जी पद्धत धरली ती अशी: भोक आधी कापायचे नाही, आधी त्याची चौकट शिवायची. आपल्या गोधडीत 15 सेंटिमीटरचे 64 लहान ठोकळे आधी पूर्ण करावेत, इस्त्री करून गार होऊ द्यावेत (इस्त्री ठेवून उचलावी, ओढू नये), त्यांतले दहा-बारा काठापासून काठापर्यंत मोजावेत आणि जे माप येईल त्या मापाचे मधले आठ काळे चौकोन कापावेत. त्यांच्यासह मोठे ठोकळे तयार झाले की ते आठही मोजावेत, त्यांची सरासरी काढावी आणि मग मोठा काळा कापावा. गणिताने आलेले माप फक्त कापड विकत घेण्यासाठी वापरावे. हे वाचून काहीजण म्हणतील की मशीन नीट लावले तर असे मोजत बसावे लागत नाही. त्यांचे म्हणणे अगदी चूक नाही: तीन पट्ट्या जोडून मधली पट्टी मोजावी, ती ठरल्या मापापेक्षा कमी भरली तर सुई केसभर बाहेर सरकवावी. पण माझे मशीन जुने आहे, सुई सरकत नाही आणि मलमलीची घडी व महेश्वरीची घडी सारखे कापड खात नाहीत. महेश्वरीत रेशीम असते, ती सुईखाली निसटते. म्हणून मी मोजण्यावरच विश्वास ठेवते.

दुसरा एक उपाय सुचवला जातो, तो म्हणजे मोठा काळा चौकोनही 81 लहान काळ्या तुकड्यांचा करावा, म्हणजे सगळीकडे शिवणी सारख्या होतील. त्याने फुगवटा जातो, हे मी करून पाहिले आहे. पण मग मधल्या काळ्यावर शिवणींचे जाळे दिसते आणि आकृतीतला विसावाच नाहीसा होतो. मला ते आवडत नाही. ज्यांना सारख्याच तुकड्यांचे काम हवे आहे त्यांनी गालिचा सोडून मेरुप्रस्तार (आकड्यांचा त्रिकोण, ज्यात प्रत्येक आकडा वरच्या दोन आकड्यांची बेरीज असतो) घ्यावा, जो पिंगलाच्या छंदःसूत्रांवरील हलायुधाच्या दहाव्या शतकातल्या टीकेत आहे. त्याच्या पहिल्या 16 ओळींत 136 आकडे येतात, त्यांतले 81 विषम. विषमाला गडद आणि समाला फिका तुकडा लावला की सिएरपिन्स्कींचा त्रिकोण (गालिच्यासारखीच, पण त्रिकोणांची आकृती) आपोआप उमटतो आणि सगळे तुकडे एका मापाचे असल्यामुळे फुगण्याचा प्रश्नच येत नाही. खऱ्या त्रिकोणांचे तुकडे कापून तीच आकृती शिवायला मात्र पहिल्या खेपेला जाऊ नये. समभुज त्रिकोणाच्या तीनपैकी दोन बाजू उरेब, म्हणजे धाग्याला तिरप्या, पडतात आणि हात लागताच ताणतात.

चौथ्या पायरीबद्दल माझे मत स्पष्ट आहे, करू नये. आपले 5 सेंटिमीटरचे तुकडे पावणेदोन सेंटिमीटरच्या आत येतील, तुकड्यांची संख्या 4,681 होईल आणि काठाच्या ओळीत 80 शिवणी येतील. माझ्या मापाने हिशेब सांगते: 6 सेंटिमीटरच्या तुकड्यात तीस टक्के कापड मायेत जाते, 2 सेंटिमीटरच्या तुकड्यात साठ टक्क्यांहून जास्त. म्हणजे बहुतेक गोधडी आतल्या बाजूलाच शिवली जाईल आणि सुई त्या जाडीतून जाणार नाही. चौथी पायरी हवीच असेल तर ती धावदोऱ्याने काढावी: प्रत्येक पांढऱ्या चौकोनाच्या मध्यावर काळ्या दोऱ्याने एक लहान चौकोन. आजीच्या गोधडीत धावदोरा जसा काठापासून आत आत जात असे, तसाच इथेही काठापासून सुरू करावा, म्हणजे राहिलेला ताण मध्याकडे ढकलत नेता येतो. ताण मध्याकडे नेण्याला काही अनुभवी मंडळींचा आक्षेप आहे आणि ते मध्यापासून बाहेर शिवतात. अस्तर आणि कापूस घट्ट टाचलेले असतील तर दोन्ही पद्धती चालतात, असे मला दिसले आहे.

तेव्हा आपण सगळे उसवू नका. फक्त मधल्या चौकोनाच्या चार शिवणी उसवा आणि शेजारच्या चार ठोकळ्यांचे काठ मोजून सरासरी काढा. मधल्या चौकोनाच्या मापातून ती वजा करा, जो आकडा येईल तो कागदावर लिहा, त्याच्या खाली त्याचा निम्मा लिहा आणि वरच्या आकड्यावर काट मारा. प्रत्येक बाजूने निम्माच कापायचा आहे. आणि कृपा करून हे काम रात्री साडेअकराला करू नका.