पाय डे, प्रोग्रामर्स डे असले ‘दिन’ साजरे करण्यात खरंच काही अर्थ आहे का?

तुमचा वैताग समजू शकतो. रोज कसला ना कसला ‘डे’, आणि सुट्टी एकाचीही नाही! तरी यातले काही मला मनापासून आवडतात. ते निवडायची माझी कसोटी एकच: तारीख हलवली तर काही बिघडतं का? बहुतेक दिन कुठेही सरकवा, चालतात. त्यांना लांबूनच नमस्कार. पण काहींची तारीख म्हणजेच कोडं असतं.

पाय डे घ्या. पाय (π) म्हणजे वर्तुळाचा परीघ भागिले व्यास, सुमारे ३.१४. आणि १४ मार्च, महिना आधी लिहिला की ३/१४. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयात लॅरी शॉ या भौतिकशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये तो सुरू केला. २०१९ मध्ये युनेस्कोने हाच दिवस आंतरराष्ट्रीय गणित दिन म्हणून जाहीर केला, त्यामुळे आता तो पुरता अनधिकृतही राहिलेला नाही. मी हे भाचीला रंगवून सांगत होतो, तर ती म्हणाली, “पण मामा, आपण तर १४/३ लिहितो!” आली का पंचाईत. दिवस आधी लिहायचा तर ३१/४ हवं, आणि एप्रिलला ३१ तारीखच नाही. मग दोघांनी मिळून २२ जुलै शोधला, म्हणजे २२/७. (तो आमच्या आधी अनेकांनी शोधलाय, हे नंतर कळलं. तिला अजून सांगितलेलं नाही.) भागाकार करून पाहिलं, तर ३.१४ खऱ्या पायपेक्षा सुमारे ०.००१६ ने कमी पडतं आणि २२/७ सुमारे ०.००१३ ने जास्त भरतं. म्हणजे दिवस आधी लिहिणाऱ्यांचा पाय जरा जास्त भक्कम! भागाकाराचा इतका सराव तिने गृहपाठ म्हणून कधीच केला नसता.

वर्गमूळ दिनात, म्हणजे दिवस आणि महिना दोन्ही वर्षाच्या शेवटच्या दोन आकड्यांचं वर्गमूळ असतात त्या दिवशी, महिना आधी की दिवस आधी, हे भांडणच नाही. ४/४/१६ झाला, ५/५/२५ झाला, आता थेट ६/६/३६. मधली अंतरं मोजा: ९ वर्षं, मग ११, त्यानंतर १३. लागोपाठच्या वर्गांमधला फरक नेहमी विषम असतो आणि दर वेळी दोनाने वाढतो, हे मला शाळेत नाही, कॅलेंडर चाळताना उमगलं.

प्रोग्रामर्स डे वर्षाच्या २५६व्या दिवशी येतो. बाइट म्हणजे संगणकाच्या मेमरीचं छोटं एकक, आणि एका बाइटमध्ये २५६ वेगवेगळ्या किंमती मावतात, म्हणून. एरवी १३ सप्टेंबर, लीप वर्षात १२. खरी गंमत पुढे आहे: प्रोग्रामर शून्यापासून मोजतो, त्यामुळे त्याच्या हिशेबात हा दिवस क्रमांक २५५, म्हणजे बाइटमध्ये बसणारी सगळ्यात मोठी संख्या. रशियाने २००९ मध्ये याला सरकारी मान्यताही दिली.

याच बिरादरीतला एक जुना विनोद आहे: हॅलोविन (३१ ऑक्टोबर) आणि ख्रिसमस (२५ डिसेंबर) एकच, कारण ऑक्ट ३१ म्हणजे डिस २५. ‘ऑक्ट’ म्हणजे ऑक्टल, आठवर आधारलेली मोजणी. तिथले ३१ म्हणजे तीन आठे चोवीस आणि एक, पंचवीस. ‘डिस’ (Dec) म्हणजे डेसिमल, आपली नेहमीची दशमान पद्धत. समजावून सांगितल्यावर विनोद मरतो म्हणतात, पण हा सांगताना समोरच्याला ऑक्टल येऊन जातं.

आणि वर्ल्ड बॅकअप डे, ३१ मार्च. यात गणित नाही, तरी कसोटीला उतरतो, कारण दुसऱ्या दिवशी एप्रिल फूल असतो. माझी हार्ड डिस्क एकदा अशी गेली की चार वर्षांचे फोटो गेले. बॅकअप होता हो! फक्त तो त्याच डिस्कच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये होता. तेव्हापासून दर ३१ मार्चला मी दुसऱ्या डिस्कवरची एखादी जुनी फाइल परत आणून, उघडून बघतो. गेल्या वेळी उघडली ती भाचीची २२/७ची आकडेमोड निघाली. एक दशांश चिन्ह चुकलंय तिचं.